साडेबारा ते एक

इस्तारीला मी माझ्या या डोळ्यांनी चौदा वेळा मरताना पाहिलंय. पंधराव्यांदा तो गेला असं कोणी सांगितलं, तर मी रडण्याआधी गेटवर जाऊन बघेन. कारण दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हा गडी डोक्याला निळा गमछा गुंडाळून, गमछ्याखाली सहा टाके घेऊन, कामावर हजर.

गोंदियाहून दवनीवाड्याकडे निघालं की राइस मिलांची रांग लागते. त्यातल्या एका मिलच्या गेटवर मी सव्वीस वर्षं बसलो. लोक मला बाबू म्हणत. येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि भोंग्याचं बटण दाबायचं, एवढंच माझं काम. पण भोंगा असा, की तो वाजला की पांगोली नदीच्या पलीकडच्या म्हशी पान्हा सोडायच्या. माझ्या अंगठ्यावर दीडशे माणसं उठायची आणि बसायची. कलेक्टरच्या अंगठ्यालाही एवढा मान नसेल.

त्या दीडशेतला सगळ्यात हलका माणूस म्हणजे इस्तारी. धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, चाळीस किलोचा. इस्तारी, ओला असताना, अडतीस. तो कट्टा पाठीवर घेऊन चालला की इस्तारी कट्टा नेतोय की कट्टा इस्तारीला फिरवून आणतोय, हे लांबून कळत नसे. आणि या अडतीस किलोत देवानं जो राग भरला होता तो तीन पैलवानांना पुरून उरला असता. तो मारामारीला उभा राहिला की आधी समोरच्याच्या छातीएवढी उंच उडी मारायचा, मग मार खायचा. जिंकलेला मी त्याला कधी पाहिला नाही. दात मात्र मोजलेत: मिलमध्ये लागला तेव्हा बत्तीस, सुटला तेव्हा अकरा, आणि त्या अकरांतलेही दोन दुसऱ्या कोणाचे असावेत असा मला संशय आहे.

मिलमध्ये असा एकही माणूस नव्हता, ज्याच्यावर इस्तारीनं हात टाकला नाही. हमाल, मिस्त्री, ड्रायव्हर, शेठचा साळा, शेठचा कुत्रा. मला सोडून. मला त्यानं कधी बोटही लावलं नाही. हे मी बरीच वर्षं मिशीला पीळ देऊन सांगत असे. का लावलं नाही, ते ओघानं येईलच.

त्याची सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. मिलच्या करारनाम्यातलं कलम नऊ. इस्तारीला वाचता येत नव्हतं, पण हे कलम त्याला पाठ होतं, आणि ते तो शिवी दिल्यासारखं म्हणायचा: "कामगारांस दुपारी साडेबारा ते एक जेवणाची व विश्रांतीची सुट्टी राहील. सदर वेळेत सर्व यंत्रे पूर्णपणे बंद ठेवण्यात येतील." वरून स्वतःची पुरवणी: "अर्धा घंटा म्हंजे अर्धा घंटा. एकोनतीस मिनिट म्हंजे चोरी, अना एकतीस मिनिट म्हंजे भीक."

साडेबाराचा भोंगा झाला की तो माकडासारखा मेन स्विचकडे धावायचा, खटका खाली ओढायचा आणि त्याच्याखाली कट्ट्यावर बसायचा. एक हात खटक्यावर, डबा मांडीत. डबा बंदच. बाकीचे दीडशे जण भात-वरण खातात, बिड्या ओढतात, आडवे होतात, आणि ज्यानं ही सुट्टी लिहून घेतली तो पहारा देत बसलाय. स्वतःचा भात तो सकाळच्या पाळीआधी अर्धा आणि संध्याकाळी घरी जाताना कालव्याच्या काठावर अर्धा खायचा. एकाच्या भोंग्याबरोबर खटका वर. सेकंद इकडं नाही, सेकंद तिकडं नाही.

ही सुट्टी कामगारांनी घेतलीच पाहिजे, याबाबत त्याचा कटाक्ष शेठपेक्षा कामगारांवर जास्त. पोती शिवणारा एक धिप्पाड गडी होता. गुरुवारचा उपास म्हणून तो एकदा सुट्टीतही दाभण चालवत बसला. इस्तारीनं खटक्यावरूनच आवाज दिला, "काऊन बे, सुट्टी हाय ना?"

"उपास आहे गा माजा. खाली बसून का करू?"

"उपास आहे तं उपाशी बस. पन बस!"

तो बसला नाही. इस्तारीनं हाताशी असलेलं लोखंडी घमेलं भिरकावलं. ते त्या गड्याच्या कानावर असं वाजलं की मला वाटलं एक वाजला, आणि माझा अंगठा बटणावर गेला. मग त्या गड्यानं उठून इस्तारीला ओल्या गमछ्यासारखा पिळला, दोनदा झटकला आणि गमछ्यासकट भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवला. लटकल्या लटकल्याही याचा एक पाय खटक्यावर. "मारलं तं मारलं," वरून म्हणतो, "पन मारताना तरी तुजी सुई बंद होती का नाई?"

कामगार खात्याचे एक साहेब सुट्टी नीट मिळते की नाही हे तपासायला आले, नेमके पावणेएकला. बिचारे सरळ मनाचे. म्हणाले, "मशीन जरा दोन मिनिटं चालू करून दाखवा, बघू कशी चालते." आणि हात खटक्याकडे नेला. इस्तारी त्या हाताला मनगटापाशी चावला. चावला म्हणजे काय, सुसरीनं धरावं तसा धरला. चार हमालांनी पाय ओढले, साहेबांना तिघांनी मागून ओढलं, आणि मधे इस्तारी दोरीसारखा ताणला गेला. साहेबांनी नंतर माझ्याच टेबलावर डाव्या हातानं शेरा लिहिला: सुट्टी दिली जाते, काटेकोरपणे.

आता इथपर्यंत मी थोडं मीठमसाला लावून सांगितलं असेल. पुढचं मात्र जसं झालं तसं आहे.

इस्तारीला एक भाऊ होता, मिताराम. दोन वर्षांनी लहान, गोरा, गाणारा, झोपाळू. धान वर उचलून नेणाऱ्या पट्ट्याच्या बुडाशी आमच्या मिलमध्ये पुरुषभर खोल खड्डा होता. मे महिन्यात बाहेर पत्रे तापून वाकायचे तेव्हा त्या खड्ड्यात मात्र माठासारखा गारवा. मिताराम चार घासांत जेवून तिथं उतरायचा आणि पट्ट्याला टेकून झोपायचा. भोंगा खाली नीट ऐकू जात नसे. म्हणून भावाभावांत ठरलेलं: चिमणीची सावली हातपंपाच्या ओट्याला टेकली की एकाला दोन-तीन मिनिटं कमी. तेवढ्यात इस्तारी डबा धुऊन यायचा आणि खड्ड्याच्या जाळीवर रिकाम्या डब्यानं तीनदा ठोकायचा. ठण् ठण् ठण्. खालून शिवी यायची, मागून मिताराम.

तेव्हा करारनाम्यात कलम नऊचं पहिलंच वाक्य होतं. माल उचलायची घाई होती. मनीजर सकाळी माझ्याकडे आला, म्हणाला, "बाबू, साडेबाराचा भोंगा झाला की घड्याळ पाच मिनिट आगे कर दे. किसको समझता है?"

मी केलं. स्टुलावर चढलो आणि काटा पाच मिनिटं पुढे सरकवला. 

पहिलाच दिवस होता. भोंगा वाजला तेव्हा सावली ओट्यापासून अजून हातभर लांब होती. इस्तारी पंपावर डब्याला राख लावत होता. त्यानं वर पाहिलं, सावलीकडे पाहिलं, आणि डबा हातात घेऊन धावला. जाळीपर्यंत पोचला तेव्हा पट्टा चालू झाला होता. मितारामचा गमछा आधी गेला, मग गमछ्यामागून मिताराम. खटका बंद करेपर्यंत जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं. धान लाल वर आलं. 

माती देऊन दुसऱ्या दिवशी इस्तारी आला तो थेट गेटवर. माझं स्टूल ओढलं, वर चढला, आणि काटा पाच मिनिटं मागे नेला. उतरला. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले, गाल पुढे केला. तो निघून गेला. त्या दिवसापासून इस्तारीनं सगळ्या मिलला मारलं आणि मला नाही. रोज साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना मात्र तो गेटवर यायचा. "बाबू, घड्याळ किती?" मी सांगायचो. तो मान हलवायचा आणि जायचा. मार खाणाऱ्यांचा मला हेवा वाटायचा म्हटलं तर लोक हसतील, पण वाटायचा.

दुसरं वाक्य कसं आलं तेही सांगतो. नवा करारनामा व्हायचा होता. शेठच्या खोलीत काचेचं टेबल, एकीकडे शेठ आणि मनीजर, दुसरीकडे कामगारांचे पाच जण, पाचवा इस्तारी. शेठ गोड माणूस. म्हणाला, "सुट्टी घ्या ना भाऊ, कोण नाही म्हणतं? पाळीपाळीनं जेवा. मशीन बिचारी कशाला उपाशी ठेवता?"

इस्तारी म्हणाला, "लिही. मशीन बंद."

"अरे, नुकसान होतं."

इस्तारीनं शेठला मारलं नाही. वाकला आणि स्वतःचं कपाळ टेबलावर आपटलं. "लिही." दुसऱ्यांदा आपटलं. "लिही." तिसऱ्यांदा काच तडकली, चौथ्यांदा कपाळ. मनीजर दाराकडे पळाला. शेठ ओरडला, "लिखो रे, लिखो! ये आदमी मर जाएगा मेरे टेबल पे!" लिहिलं. त्या कराराच्या मूळ प्रतीवर कलम नऊच्या खाली अजून एक तपकिरी डाग आहे. शेठ पाहुण्यांना तो चहाचा म्हणून सांगतो.

करार तीन वर्षांचा. तो संपत आला तेव्हा शेठनं दुसरं वाक्य काढायचं ठरवलं, आणि त्यासाठी वकील न आणता बल्लूला आणलं. बल्लू म्हणजे गोंदियाच्या बाजारातला दादा. दारातून येताना त्याला आडवं व्हावं लागायचं. त्याच्या सावलीत तीन बैल बसले असते. बारा वाजून दहा मिनिटांनी तो मिलच्या अंगणात आला आणि विचारलं, "इस्तारी कौन है?"

"मी होय. कायले?"

बल्लूनं खाली पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं. त्याला वाटलं, माणूस आत असेल, हा त्याचा निरोप्या. मग खात्री पटल्यावर त्यानं सुरुवात केली. पहिल्या फटक्यात इस्तारी कोंड्याच्या ढिगात. कोंडा उडाला तो असा, की अंगणात दुपारी तिन्हीसांज झाली. ढिगातून इस्तारी बाहेर आला तो बल्लूच्या गुडघ्याला दातांनी लटकलेला. बल्लूनं त्याला उचलून भिंतीवर फेकला. भिंतीनं परत दिला. बल्लूनं पुन्हा फेकला. वीस मिनिटं हे चाललं. आम्ही दीडशे जण बघत उभे. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा नुसती भीती वाटत होती. शेवटी इस्तारी खाली, बल्लू वर, बल्लूचे दोन्ही अंगठे इस्तारीच्या नरड्यावर. इस्तारीचे डोळे बाहेर. आणि त्या बाहेर आलेल्या डोळ्यांनी तो माझ्याकडे, गेटवरच्या घड्याळाकडे बघत होता.

साडेबारा. मी बटण दाबलं.

इस्तारीनं बल्लूच्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या. "सोड. सुट्टी झाली."

बल्लूला काय वाटलं कोण जाणे, त्यानं सोडलं. इस्तारी उठला, रक्त थुंकला, लंगडत जाऊन खटका ओढला आणि खाली बसला. दीडशे डबे उघडले. बल्लू अंगणाच्या मधोमध उभा, हात अजून नरडं धरल्यासारखे. 

"मेरे को क्या छुट्टी?" तो म्हणाला.

"तू कामावर आला का नाई? शेठनं लावलं ना? मंग तुले बी लागू आहे कलम. सकाळपासून खाल्लं का काई?"

बल्लूनं खाल्लं नव्हतं. अशा कामाला आमच्याकडे उपाशीपोटी पाठवतात, हात कडक राहतो म्हणून. इस्तारीनं आपला डबा पुढे सरकवला. भात, लाखोरीची डाळ, सुकटीची चटणी. बल्लूनं ते तीन घासांत संपवलं, मग धान पाखडणाऱ्या बायांच्या डब्यांतून आंबाडीची भाजी आली, तीही संपवली, आणि कट्ट्यावर पाच मिनिटं घोरला. मशीन बंद, सगळं शांत. नुसते चिमण्यांचे आवाज.

एकाचा भोंगा झाला. इस्तारीनं खटका वर केला, अंगणात येऊन त्याच जागी, त्याच मापानं आडवा झाला. "हं, ये गा. तुजे अंगठे इथं होते."

आता मी सांगितलं की बल्लू रडला आणि पाया पडला, तर तुम्हाला आवडेल. तसं झालं नाही. तो धंद्याचा पक्का माणूस. त्यानं इस्तारीची बरगडी मोडली आणि दोन दात पाडले. पण खाल्ल्या मिठाला जागून डाव्या हातानं. जाताना मला म्हणाला, "बाबूजी, हमारी लाइन में ऐसी छुट्टी नहीं है. दिन भर मारो, रात को भी बुलाते हैं." आठव्या दिवशी तो हमालीचं काम मागायला गेटवर उभा. इस्तारीनंच त्याच्यासाठी शब्द टाकला, फासळीला पट्टा बांधलेल्या अवस्थेत. कलमाला कोणी हात लावला नाही.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. म्हणजे आठवड्याला एकच मारामारी. पण खड्ड्यात मात्र पुन्हा कोणी झोपायला उतरलं नाही. मे महिना कितीही तापो. जाळीवरूनही लोक वळसा घालून जायचे.

मग एका हंगामात ट्रक रस्त्यापर्यंत उभे, आणि मनीजरचं डोकं फिरलं. पावणेएकला तो दोन राखणदार आणि एक लोखंडी सळई घेऊन खटक्यापाशी आला. 

"हात काढ."

"एकाले काढतो."

"अबे, खड्डा खाली है! देख ले जाके, कोई नहीं है उसमें. बरसों से कोई नहीं उतरा!"

"आज नाई," इस्तारी म्हणाला. "पन उतराचं म्हटलं तं उतरता आलं पायजे."

मनीजरनं सळई हातावर मारली. खटक्यावरच्या हातावर. मी गेटवरून पाहत होतो, आणि गेटपर्यंत आवाज आला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. दुसरी मारली. बोटं मोडली की मूठ सुटते असं आपल्याला वाटतं. त्याची मूठ मोडून तिथंच बसली, खटक्याला वेल गुंडाळावी तशी. तिसरी मारायला सळई वर गेली, ती खाली आलीच नाही. मागं बल्लू उभा होता, तोंडात घास. त्यानं मनीजरला कमरेच्या पट्ट्याला धरून उचललं आणि कट्टे तोलायच्या काट्याच्या आकड्याला अडकवलं. काटा पंचाहत्तरवर थांबला. बल्लू घास गिळून म्हणाला, "साहब, एक बजे उतारेंगे. अभी छुट्टी है." राखणदार आपापले डबे शोधायला गेले.

त्या संध्याकाळी शेठनं पुढच्या कराराला सही केली, दोन्ही वाक्यांसह. इस्तारीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यानं डावा अंगठा उठवला. 

तो सुटला तो दिवस मे महिन्यातलाच. अठ्ठावन्न पूर्ण. हार, नारळ, पेढे, सगळं सकाळीच उरकलं. साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना तो गेटवर आला. "बाबू, घड्याळ किती?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. भोंगा झाला. खटका त्यानं ओढला, मग बल्लूला बोलावलं आणि त्याचा पंजा खटक्यावर ठेवून वरून आपल्या वाकड्या बोटांनी दाबला. "सोडजो नोको."

"नहीं, काका."

मग तो दीडशे माणसांच्या मधोमध बसून जेवला. मिताराम गेल्यापासून त्या सुट्टीत त्याला जेवताना मी पहिल्यांदा पाहिला. सावकाश, एकेक शीत. डबा तसाच खटक्यापाशी ठेवला, उठला, आणि खड्ड्याची जाळी सरकवून खाली उतरला. दोन मिनिटांनी खालून घोरणं ऐकू आलं. अडतीस किलोच्या माणसात एवढं घोरणं कुठं राहतं देव जाणे, पण मिलचे पत्रे थरथरत होते. हे खरं आहे.

घड्याळात एक वाजला. माझा अंगठा बटणावर होता. तो मी उचलला. मनीजर ऑफिसच्या दारात येऊन ओरडला, "बाबू! टाइम!" मी उठलो, गेट सोडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. बल्लूनं माझ्याकडे पाहिलं, खटका धरून बसून राहिला. मी इस्तारीचा डबा उचलला, जाळीपाशी जाऊन उभा राहिलो आणि घड्याळाकडे बघत राहिलो. पाच मिनिटं एवढी मोठी असतात हे मला ठाऊक नव्हतं. मग वाकलो आणि जाळीवर तीनदा ठोकलं.

ठण् ठण् ठण्.

खालून शिवी आली. मग गमछा आला, मग इस्तारी. अंगाला धुरळा, डोळे लाल. त्यानं माझ्या हातातला डबा पाहिला. 

"किती वाजले?"

"एक वाजून पाच."

त्यानं वळून गेटवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं उजवा हात उचलला, तोच, वाकड्या बोटांचा, आणि माझ्या कानशिलात अशी लगावली की माझी टोपी धानात पडली. आयुष्यभर मारामाऱ्या हरलेल्या त्या माणसाचा तेवढा एक फटका बरोबर बसला. माझ्या तोंडात रक्ताची चव आली.

त्यानं माझी टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली, माझ्या डोक्यावर ठेवली. 

"जाय आता," म्हणाला. "भोंगा वाजव."